प्रशिक्षकाचा चातुर्मास

आषाढाच्या पहिल्या जोरदार सरी माहुलीच्या सुळक्यांवर कोसळू लागल्या की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील जीवनाची गती बदलते. शेतकरी भातलावणीत गुंततो. त्याच्या हाती पैसा नसतो, त्यामुळे बाजारपेठेत गिऱ्हाईक विरळ होते आणि दुकानाच्या वह्यांत उधारीची पाने वाढू लागतात. साधू-साध्वीजींचा विहार थांबून चातुर्मास-प्रवेश होतो. उपाश्रयांत आणि स्थानकांत प्रवचने सुरू होतात. याच सुमारास, आसनगावहून पहाटेच्या लोकलने वर्षानुवर्षे मुंबईला जाणाऱ्या एका माणसाची मिळकतही थांबते. हा माणूस व्यापारी नाही आणि आता शेतकरीही राहिलेला नाही. तो टेनिस शिकवतो.

शहापूर तालुक्यातील माणूस टेनिस शिकवतो, हे ऐकून प्रथम कोणालाही नवल वाटावे. या भागाचे खेळ म्हणजे कबड्डी आणि क्रिकेट. टेनिसचे कोर्ट दिसलेच तर ते एखाद्या निवासी शाळेच्या नाहीतर बंगल्यांच्या वसाहतीच्या कुंपणाआड. परंतु तानसा आणि भातसा यांचे पाणी जसे इथून मुंबईला जाते, तशी या तालुक्यांतील माणसेही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली आहेत. या गृहस्थाचे मामा एका जिमखान्यात माळी होते. त्यांच्याबरोबर तो तेराव्या वर्षी तिथे गेला. पहाटे मातीच्या कोर्टावर पाणी मारायचे, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या आणि सभासद खेळायला आले की त्यांचे चेंडू वेचून द्यायचे, असे त्याचे काम होते. पुढे एखादा सभासद जोडीदाराविना आला, की त्याच्यासमोर उभे राहून चेंडू परतवू लागला आणि अशा रीतीने तो ‘मार्कर’ झाला.

मार्कर हा शब्द आजच्या तरुण वाचकांना अपरिचित असेल. मुळात बिलियर्ड्ससारख्या खेळांत गुणांची नोंद ठेवणाऱ्या नोकराचे ते नाव. १८७५ साली मुंबईत बॉम्बे जिमखाना निघाला, १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. अशा संस्थांबरोबर आपल्याकडे सभासदांशी खेळणारा, त्यांच्या मुलांना शिकवणारा, परंतु स्वतः कधीही सभासद नसणारा असा एक वर्ग तयार झाला. त्याचे शिक्षण डोळ्यांनी झाले. समोरच्याचा हात कसा फिरतो ते पाहायचे आणि रात्री भिंतीवर चेंडू मारून तसे करून बघायचे. भारतातील टेनिसचा इतिहास लिहिणारे कृष्णन पिता-पुत्रांविषयी लिहितात, विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. परंतु देशभरच्या क्लबांत हजारो मुलांच्या हाती पहिली रॅकेट कशी धरायची हे ज्यांनी सांगितले, त्या मार्करांविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही.

बावीस वर्षे या गृहस्थाने अशीच काढली. टोपलीतून एकामागून एक चेंडू टाकून मुलाकडून फटका घोटवून घेण्याच्या कामात त्याचा हात असा बसला होता, की शंभर चेंडू टाकले तर शंभरही एकाच ठिकाणी पडावेत. त्याचे उत्पन्न मात्र तासावर. जेवढे तास उभे राहायचे तेवढे पैसे, आणि त्यातही क्लबचा हिस्सा आधी वळता होतो. व्यापारी भाषेत सांगायचे तर तास हा नासणारा माल आहे. न खपलेली साखर उद्या विकता येते, न विकलेला तास उद्या विकता येत नाही. जून ते सप्टेंबर मातीची कोर्टे बंद राहतात आणि त्या चार महिन्यांत हा सगळा माल नासून जातो.

इथे एक तुलना करण्यासारखी आहे. भारतीय बँकर्सची संस्था १९२८ साली स्थापन झाली आणि तिच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला वेतनवाढ मिळण्याची प्रथा पडली. अधिकाऱ्याला बँकेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात पाठवले जाते तेव्हा त्याचा पगार चालू असतो, राहण्या-जेवण्याची सोय होते आणि वर भत्ताही मिळतो. चार्टर्ड अकाउंटंट झालेल्या मुलाला दर वर्षी ठरावीक तासांचे शिक्षण पुरे करावे लागते, हे आता बहुतेक व्यापारी घरांना ठाऊक आहे, कारण घरटी एखादा तरी सी.ए. असतो. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. अमेरिकेत क्लबांमधील टेनिस-शिक्षकांनी १९२७ सालीच आपली संघटना बांधली आणि तिच्या सभासदांनाही पुढील शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. आपल्याकडच्या मार्करासाठी असे काही नव्हते. त्याने चार दिवस शिकायला जायचे म्हणजे चार दिवसांची मिळकत गमवायची, वर्गाचे शुल्क भरायचे आणि परत येऊन पाहायचे, की आपल्या वेळेची मुले दुसऱ्याकडे गेली नाहीत ना. यंत्रावर घसारा आकारावा लागतो हे प्रत्येक हिशेबनिसाला कळते. माणसाच्या ज्ञानावरही तो दर वर्षी चढत असतो. पण तो कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

रविवारी क्लबात सुटीचा गजबजाट असे आणि सकाळची कोर्टे सभासद स्वतःच्या खेळासाठी अडवून ठेवत. म्हणून रविवारी तो मुंबईला न जाता शहापूर–मुरबाड रस्त्याने मुरबाडला जाऊ लागला. तिथे एका जैन कुटुंबाची भात गिरणी आहे. जोडीला किराण्याचे दुकान. घरातील थोरल्या शेठजींना सगळे दादाजी म्हणतात. त्यांचा नातू आठ वर्षांचा असताना दूरचित्रवाणीवर टेनिसचा सामना पाहून हट्टाला पेटला. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीतील क्रीडासंकुलात २०१८ सालापासून काही वर्षे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. तिथे एका नातेवाइकांनी त्याला नेले आणि हट्ट पक्का झाला. कल्याणला रोज नेणे शक्य नव्हते. गिरणीसमोर भात वाळवण्याचे सिमेंटचे मोठे खळे होते. दादाजींनी आसनगावच्या या माणसाविषयी कोणाकडून तरी ऐकले आणि निरोप धाडला.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. खळ्यात दोन लोखंडी खांब रोवून जाळे बांधले गेले. मुलाच्या हाती त्याच्या वडिलांची जुनी, पूर्ण लांबीची, सत्तावीस इंची रॅकेट होती आणि चेंडू नेहमीचा पिवळा. सिमेंटवरून तो उसळून दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर जाई आणि मूल हात वर ताणून तो मारी. सर्व्हिसचा सराव रविवारी शंभर वेळा, आणि इतर दिवशी गिरणीच्या मागच्या भिंतीवर मोजदाद न ठेवता. प्रशिक्षकाने स्वतः असेच शिकले होते. ज्याने त्याला शिकवले तोही असाच शिकला होता. एका रविवारी मुलगा कोपराच्या आतल्या बाजूला हात धरून रडू लागला. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, ती अजून मजबूत झालेली नसते. एकच हालचाल जड हत्याराने शेकडो वेळा केली की तिच्यावर ताण येतो. वेळीच थांबलात, दोन महिने रॅकेट बंद ठेवा, बरे होईल.

घरात कोणीही प्रशिक्षकाला बोल लावला नाही. “खेळ म्हटला की लागायचंच,” असे दादाजी म्हणाले. परंतु तो माणूस त्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर बराच वेळ नुसता बसून राहिला. पुढे दिलेला चहाही त्याने घेतला नाही.

योगायोग असा, की त्याच सुमारास त्याच्या क्लबात एक तिशीतला तरुण प्रशिक्षक नेमला गेला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या पहिल्या स्तराचे प्रमाणपत्र त्याच्याकडे होते आणि सकाळची लहान मुलांची तुकडी त्याला देण्यात आली. बावीस वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला हे झोंबले नसते तरच नवल. त्या तरुणाला सलग दहा चेंडू एका जागी टाकता येत नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी पाहिले आणि मनातल्या मनात हसलाही. मात्र दुसऱ्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. त्या तरुणाने एका कोर्टाची चार छोटी कोर्टे केली होती, आखूड रॅकेटी आणि मोठे, मऊ, लाल चेंडू आणले होते, आणि सात-आठ वर्षांची मुले पहिल्याच तासात जाळ्यावरून एकमेकांशी खेळत होती, गुण मोजत होती. त्याच्या स्वतःच्या पद्धतीत पहिले दोन महिने मुलाने चेंडूशिवाय नुसता हात फिरवायचा असे.

ही पद्धत त्या तरुणाच्या कल्पनेतून आलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ साली जगभर एक मोहीम सुरू केली होती. तिचा गाभा एवढाच, की नवख्याला पहिल्या दिवसापासून सर्व्हिस करता आली पाहिजे, रॅली करता आली पाहिजे आणि गुण मोजून खेळता आले पाहिजे. हे पिवळ्या चेंडूने जमत नसेल तर चेंडू बदला, मुलाला दोष देऊ नका. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद असतो, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. लाल चेंडूसाठी कोर्ट सुमारे ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद पुरते. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असते. २०१२ सालापासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचाच नाही, असा नियम झाला. म्हणजे मुरबाडच्या खळ्यात तो मुलगा खांद्यावरून चेंडू मारत होता, त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न जगाने सोडवून ठेवलेला होता. ती बातमी आसनगावच्या माणसापर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच.

त्याने त्या तरुणाला विचारले. वयाने मोठ्या माणसाने वयाने लहान माणसाला विचारणे किती अवघड असते, हे ज्याने विचारले असेल त्यालाच कळते. तरुणाने मनापासून सांगितले, वर्गाची माहिती दिली आणि मोबदल्यात चेंडू टाकण्याचा हात शिकवा म्हणून मागणी केली. पुढे दोघांचे चांगले जमले. मात्र अडचणी दोन होत्या. एक पैशाची: वर्ग पुण्यात होता, तोही पावसाळ्यात, म्हणजे खिसा रिकामा असतानाच. दुसरी भाषेची: पाठ्यपुस्तक इंग्रजीत होते आणि या गृहस्थाने दहावीची परीक्षा रात्रशाळेतून दिलेली.

हे सारे त्याने दादाजींच्या कानावर घातले ते उसने मागण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात रविवारचे येणे बंद राहील, एवढे सांगायला तो आला होता. खळ्यावर शेवाळ धरले होते आणि मुलाची दोन महिन्यांची विश्रांतीही चालू होती. दादाजींनी सगळे ऐकून घेतले आणि मुनीमजींना सांगून चारही महिन्यांचे रविवारचे मानधन एकरकमी काढायला लावले. प्रशिक्षक संकोचून म्हणाला, “शेठजी, शिकवणार नाही त्या दिवसांचे पैसे कसे घेऊ?”

“मास्तर, पावसाळ्यात गिरणी भात भरडत नाही. म्हणून तिचं तेलपाणी आम्ही बंद करतो का? उलट तेव्हाच तर ती खोलतो.”

भाषेची अडचण नातीने सोडवली. मुलाची थोरली बहीण कल्याणला बी.कॉम.च्या वर्गात शिकत होती. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत ती एकेक प्रकरण मोठ्याने वाची आणि मराठीत सांगे. प्रशिक्षक वहीत उतरवून घेई. जिथे तिला खेळ समजत नसे तिथे तो उठून हात फिरवून दाखवी आणि जिथे त्याला वाक्य समजत नसे तिथे ती थांबे. पुष्कळ वेळा असे होई, की पुस्तकातील मोठ्या शब्दाखाली त्याला आपलीच जुनी सवय सापडे आणि तो हसून म्हणे, “अगं, हे तर मी रोज करतो. याला हे नाव आहे होय?” आणि काही वेळा तो एकदम गप्प होई.

त्या चातुर्मासात मुरबाडच्या उपाश्रयात स्वाध्यायावर प्रवचने झाली. स्वाध्याय हे आभ्यंतर तपांपैकी एक आणि त्याचे प्रकार पाच, हे वाचकांना ठाऊकच आहे: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. गुरूकडून पाठ घेणे, शंका विचारणे, पुन्हा पुन्हा घोकणे, मनाशी चिंतन करणे आणि सगळ्यांत शेवटी दुसऱ्याला सांगणे. टेनिस हा काही मोक्षमार्ग नव्हे आणि शास्त्रातील विचार खेळाच्या मैदानावर ओढून आणण्यात थोडे धाडस आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही दादाजी दुपारी दुकानात बसल्या-बसल्या जे बोलले ते विसरण्यासारखे नाही. ते म्हणाले, “आपल्या पूर्वजांनी शिकवणं हे शिकण्याच्याच खात्यात टाकलंय. वेगळं खातं उघडलेलं नाही.” या हिशेबाने पाहिले तर आपल्या प्रशिक्षकाकडे बावीस वर्षे दोनच रकमा जमा होत्या, परिवर्तना आणि सांगणे. विचारायला कोणी नव्हते, चिंतनाला वेळ नव्हता आणि पाठ देणारा गुरू तर कधी नव्हताच.

पुण्यातील वर्गाचे दिवस त्याला जड गेले. बरोबरचे बहुतेक त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, राज्य स्पर्धांत खेळून आलेले. पाऊस असला की खोलीत व्याख्यान आणि उघडीप मिळाली की बाहेर सराव. पुण्याचा पाऊस शहापूरच्या मानाने अगदीच सौम्य आणि सिमेंटची कोर्टे लवकर वाळतात, म्हणून बरे. तिथे त्याला कळले, की प्रत्येक तासाची योजना आधी लिहून काढायची असते. मुलाला दहा सूचना द्यायच्या नसतात, एकच द्यायची आणि ती घेऊन त्याला खेळू द्यायचे. “कोपर वर घे” असे ओरडण्यापेक्षा “चेंडू कुठे पडला? का पडला?” असे विचारले तर मूल स्वतः शोधते. वय, उंची आणि हाडांची वाढ पाहून रॅकेटची लांबी ठरवायची. मुलींच्या आणि लहान मुलांच्या संदर्भात प्रशिक्षकाने कोणती मर्यादा पाळावी, एकांत कसा टाळावा, पालकांना काय सांगावे, यावरही सविस्तर बोलणे झाले. मुलाला कोणाच्या स्वाधीन करताना शुल्काची घासाघीस पुष्कळ होते. हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पुण्यात हा वर्ग भरावा हेही सुसंगतच म्हणायचे. डेव्हिस चषकात भारताकडून खेळून पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळणारे नंदन बाळ पुण्यात शिकवत आले. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्याला आली ती हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकण्यासाठी. ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले, तेव्हा महाराष्ट्राने तिचे कौतुक केले. खेळाडूचे नाव सगळ्यांच्या तोंडी असते, शिकवणाऱ्याचे नाव विचारून पाहावे. बहुतेक जण अडखळतील.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे सर्वस्व, असे समजण्याचेही कारण नाही. कागद भिंतीवर लावून जुन्याच पद्धतीने शिकवणारे आहेतच; आणि कागदाशिवाय उत्तम शिकवणारेही आहेत. या गृहस्थालाही परीक्षेत लेखी गुण बेताचेच मिळाले. चेंडू टाकण्याच्या प्रात्यक्षिकाला मात्र सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला होता.

तो परत आला तेव्हा पर्युषण सुरू झाले होते. त्या वर्षी दादीजींनी अठ्ठाई केली होती. संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, आणि तोच गणेश चतुर्थीचा दिवस. त्यामुळे प्रशिक्षकाच्या घरी त्या दिवशी गणपती बसला आणि तो दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन मुरबाडला आला. दादीजींचे पारणे नुकतेच झाले होते, घर माणसांनी भरलेले होते. दारात पाऊल टाकताच दादाजींनी उभे राहून हात जोडले आणि वयाने कितीतरी लहान असलेल्या त्या माणसाला म्हणाले, “मास्तर, वर्षभरात मनाने, वाचेने, कायेने तुम्हाला काही दुखवलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.”

हे शब्द तो दर वर्षी ऐकत आला होता आणि दर वर्षी “असं काय शेठजी” म्हणून पुढे होत असे. या वेळी त्याने डबा खाली ठेवला आणि मुलाला जवळ बोलावले. सर्वांसमोर तो म्हणाला, “शेठजी, याच्या कोपराला जे झालं ते खेळात झालं नाही. माझ्या शिकवण्यानं झालं. रॅकेट जड होती, चेंडू चुकीचा होता, सर्व्हिस मोजून घ्यायला हवी होती. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेणं माझं काम होतं. मला माफ करा.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मुलाच्या आईच्या चेहऱ्यावर काय उमटले ते सांगणे कठीण आहे. तिने त्या दोन महिन्यांत रात्री कोपर शेकत काढलेले होते. हे आज कळून तिला राग आला असेल, तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली ती मोदकांचा डबा रिकामा करून, त्यात पारण्याचा शिरा भरून. तो तिने प्रशिक्षकाच्या हाती दिला आणि विचारले, “आता किती लांबीची रॅकेट आणायची?”

पितृपक्ष संपेपर्यंत पाऊस ओसरला. खळे घासून शेवाळ काढले गेले. प्रशिक्षकाने गिरणीच्या दोरीने मापे घेऊन चुन्याने छोटे कोर्ट आखले. लाल चेंडूंच्या कोर्टासारखी दोन कोर्टे त्या खळ्यात सहज बसली, आणि मग बाजारपेठेतील आणखी सहा-सात मुले-मुली येऊ लागली. त्यांत गिरणीत हमाली करणाऱ्याची दोन पोरेही होती. नातवाला हिरवा चेंडू मिळाला आणि सर्व्हिस तीस, एकतिसावी नाही. वेळ सकाळची ठरली. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि चौविहार करणाऱ्या मुलाला संध्याकाळी दमवून उपाशी झोपवणे बरे नव्हे, हे प्रशिक्षकाने आपणहून सांगितले. आश्विनातील ओळीत कोणाचे आयंबिल, कोणाचे एकासणे, हे तो आधी विचारून घेई आणि त्या दिवशी त्या मुलाला फक्त गुण मोजण्याचे काम देई.

पुण्याहून आणलेली सर्वांत मोठी गोष्ट मात्र वही होती. प्रत्येक मुलाच्या नावाचे पान, त्यावर तारीख, किती मिनिटे खेळला, किती सर्व्हिस, काय शिकवले, काय जमले नाही, कुठे दुखते का. त्याने ती भीतभीतच दादाजींना दाखवली. दादाजींनी चष्मा लावून पाने उलटली आणि त्यांचा चेहरा उजळला. “हा तर रोजमेळ आहे,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ती वही दुकानात पंचांगाशेजारी खिळ्याला टांगली जाऊ लागली आणि तिच्यात ‘पच्चक्खाण’ असा एक जास्तीचा रकानाही आला.

क्लबात त्याचे दिवस फार पालटले आहेत असे नाही. तासाचा दर थोडा वाढला, सकाळची तुकडी दोघांत वाटली गेली. पुढील स्तराच्या वर्गासाठी त्याने रजेचा अर्ज केला, तेव्हा रजा मिळाली, बिनपगारी. ज्या संस्था प्रशिक्षकाच्या प्रत्येक तासातून आपला वाटा घेतात, त्यांनी त्याच्या शिक्षणाच्या दिवसांत थोडा वाटा उचलावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. आपल्या संघांतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. शिकवणाऱ्याला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देण्याचा विचार मात्र कोणाच्या बैठकीत आलेला ऐकिवात नाही.

दिवाळीनंतर भाताच्या गोणी येऊ लागल्या आणि खळे पुन्हा भाताचे झाले. चुन्याच्या रेघांवर वीतभर सोनेरी थर पसरला. जाळे गुंडाळून माळ्यावर गेले आणि दोन महिने मुले गिरणीच्या मागच्या अरुंद बोळात नुसते चेंडू झेलण्याचे खेळ खेळली. संक्रांतीनंतर खळे मोकळे झाले, तेव्हा प्रशिक्षक आसनगावहून सकाळीच येऊन हजर होता. त्याने दोरी ताणली, रेघा आखल्या आणि नऊ वाजता तास संपवून घाईने मोटारसायकलला किल्ली लावली, तोच दुकानातून हाक आली. दादाजी वही हातात घेऊन ओट्यावर उभे होते.

“मास्तर, आजच्या तारखेत चेंडू टाकल्याचा आकडा आहे, सर्व्हिसचा नाही. मेळ लागत नाही. लिहून जा.”